सोसायटीतल्या दोन खुर्च्या



गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत फलकावर संचालकांची नावे असतात. एकदा ती मुद्दाम वाचा. पुष्कळ सोसायट्यांत तेरा संचालक आणि त्यांत दोन बाया, असा हिशेब दिसेल. या दोघी तरी का? तर सहकार कायद्याने दोन जागा बायांसाठी राखल्या आहेत म्हणून. खरे तर सर्वसाधारण जागेवरही सभासद बाईला उभे राहता येते. पण 'दोन भरल्या, सुटलो' असे म्हणून आपण मोकळे होतो.

शेजारच्या ग्रामपंचायतीत मात्र २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. रस्ता, दिवाबत्ती, नळपाणी बायांना पाहता येते, मग पीककर्ज आणि खताचा साठा पाहता येणार नाही काय? कोणाचे किती उसने घेतले, कोणाचे किती फेडले, हे घरात तोंडपाठ कोणाला असते, ते कारभाऱ्यांनीच सांगावे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा सोसायटीसाठी कशाला डोकेफोड? तर ऐका. सोसायटी जो प्रतिनिधी ठरवील, तो जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मत देतो. २०२३ साली बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या जागांसाठी मते दिली ती सोसायट्यांच्या संचालकांनी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी. म्हणजे कर्ज आणि बाजार या दोन्हींची वाट सोसायटीच्या ओसरीवरून जाते. जी बाई तिथे नाही, ती पुढे कुठेच नाही.

मग बाया तिथे का नाहीत? धीट नाहीत म्हणून? मुळीच नाही. खरी अडचण कागदाची आहे. राखीव जागेवर उभे राहायचे तरी बाई सभासद पाहिजे. शेतकऱ्यांच्या सोसायटीत सभासद व्हायचे तर सातबाऱ्यावर नाव पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायांचे प्रमाण शंभरात सुमारे १४ निघाले. खुरपणी तिची, कापसाची वेचणी तिची, उतारा मात्र कारभाऱ्याच्या नावाचा!

ही गोष्ट आपल्या मुलखात पूर्वीच ओळखली गेली होती. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी राजीखुशीने जमीन बायकोच्या नावे करून दिली. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले. नवरा हयात असतानाच त्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय त्यात आहे. सोय आहे, पण मागणारा पाहिजे.

आणखी एक वाट आहे. निवडून आलेल्या संचालकांखेरीज दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची मुभा कायद्यात आहे. त्यांना मत नसते, पण बैठकीत बसून बोलता येते. बचत गटाचे खाते वर्षानुवर्षे चोख ठेवणारी बाई गावात असेल, तर तिच्या अनुभवाचा विचार संचालक मंडळाने का करू नये?

आणि ज्या दोघी आज संचालक आहेत, त्यांना एक विनंती. प्रोसिडिंगचे पुस्तक घरी सहीला आले, तर सही करू नका. 'बैठकीला येते, तिथेच करते' असे सांगा. कारभाऱ्यांनीही त्या दिवशी गुरांचे वैरणपाणी आपल्याकडे घ्यावे. बायको संचालक आणि बैठकीला नवरा, याला कारभार म्हणत नाहीत.

तेव्हा या महिन्यात एवढे करा. तलाठ्याकडून सातबारा काढून त्यावर घरधनिणीचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर अर्ज द्या. नाव लागले की सोसायटीचा भाग घेऊन तिला सभासद करा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण नव्या सभासदाला लगेच मत मिळत नसते. पेरणी वेळेवर झाली तरच पीक हाती लागते, हे तुम्हांला काय सांगावे?