रखवालदाराला तिजोरीची किल्ली नको

पेढीच्या सर्व्हरवर माणसांखेरीज यंत्रांचीही खाती असतात. बॅकअप, हिशेबाचा डेटाबेस ही कामे ती रात्रंदिवस चालवतात. त्यांना सर्व्हिस अकाउंट म्हणतात. बसवणारा त्यांना सर्वाधिकार देऊन निघून जातो. पासवर्ड वर्षानुवर्षे तोच राहतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत कोणताही साधा कर्मचारी अशा खात्याचे तिकीट मागू शकतो आणि पासवर्ड कच्चा असेल तर घरी बसून तो फोडू शकतो. टिम मेडिन यांनी २०१४ साली हे जाहीरपणे दाखवले. मग वहीखाते परक्या हाती जायला किती वेळ? विंडोज सर्व्हर २०१२ पासून दर ३० दिवसांनी स्वतःच पासवर्ड बदलणारी खाती मिळतात. आमचे मत स्पष्ट आहे: तीच घ्या आणि अधिकार कामापुरतेच द्या. रखवालदाराकडे फाटकाची किल्ली असावी, तिजोरीची नव्हे.