वरवंटा कुणी धरायचा?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पाटा-वरवंटा आता दोनच ठिकाणी नजरेला पडतो. एक म्हणजे मागीलदारी न्हाणीजवळ, कपडे आपटायला पालथा घातलेला. दुसरा मुंबई-गोवा हायवेच्या कडेला एखाद्या हॉटेलच्या दारात, गेरू फासून, वर पांढरी नक्षी काढून ठेवलेला. शेजारी जातं असतं, उखळीत मनीप्लँट लावलेला असतो. पाहुणे येतात, फोटो काढतात, ‘काय ते दिवस होते’ म्हणतात आणि आत जाऊन मिक्सरमधल्या वाटपाची आमटी ओरपतात. टाकणारे आणि पुजणारे, दोघांशीही मला भांडायचं आहे.

मी शेतकरी माणूस. दहावीपर्यंत शिकलो, पुढे भात, नाचणी, थोडे आंबे-काजू यातच साठी उलटली. चुलीपुढच्या गोष्टीत गड्यामाणसाने तोंड कशाला घालावं, असं काही जण म्हणतील. तेच तर भांडण आहे. या वस्तूंचं कौतुक इतकी वर्षं गड्यांनी केलं आणि वापरल्या बायकांनी. म्हणून कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती टाकायची, हे कौतुक करणाऱ्याला न विचारता वापरणारीला विचारावं, असं माझं म्हणणं आहे.

मी माझ्या आवशीकडे बघून शिकलो. आमच्या लहानपणी घरात घिरट होतं, जातं होतं, जमिनीत बसवलेली दगडी उखळ होती. भात घिरटावर भरडायचं, मग उखळीत मुसळाने सडायचं, सुपात पाखडायचं, तेव्हा कुठे तांदूळ हाताला लागायचे. नाचणी जात्यावर. घरात खाणारी तोंडं अकरा. आवस पहाटे तीनला उठायची. आम्ही पोरं जात्याच्या घरघरीत झोपून राहायचो, बापूसही झोपलेला असायचा. उजाडल्यावर ती पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीने शेतात. मी सातवीत असताना गावात पिठाची गिरण आली. आवस डोक्यावर पायलीभर नाचणी घेऊन गेली आणि तासाभरात पीठ घेऊन आली. टोपली उतरवून शेजारच्या काकीला म्हणाली, “दगड सुटला गो बाय एकदाचा!” त्या दिवसापासून तिने जात्याला हात लावला नाही. कुणी ‘जात्यावरच्या पिठाची भाकरी गोड’ म्हणालं की ती सरळ म्हणायची, “मग बस की जरा. मी भाकरी भाजतंय.”

जात्याबरोबर ओवी गेली, म्हणून शहरातली शिकलेली माणसं हळहळतात. ओव्या मोलाच्या, यात शंका नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री-जीवन’ सिद्ध केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांचे उपकार आहेत. पण ओवी जपायला पहाटे तीनचं दळण जपायला हवं, असं कुणी सुचवत असेल तर त्याने आधी आठ दिवस स्वतः दळावं. बाई गात होती, कारण गाण्याशिवाय तो दगड ओढला जात नव्हता.

आता दुसरी बाजू. आवशीने घिरट सोडलं, जातं सोडलं, मुसळ आढ्याला टांगलं. पण पाटा-वरवंटा सोडला नाही. विळी-खवणी सोडली नाही. रवी, रोवळी, सूप, शेवयांचा लाकडी साचा, बिडाचा तवा, सगळं शेवटपर्यंत वापरात ठेवलं. मी थोरल्या भावाच्या पैशातून मिक्सर आणला, तो तिने नाकारला नाही. सणाच्या दिवशी वीस माणसांचं वाटप असलं की मिक्सर. रोजच्या चार माणसांचं असलं की पाटा. तिचा हिशोब असा होता: ढिगाचं काम यंत्राला, मुठीचं काम हाताला. माझ्या मते स्वयंपाकघराबद्दल याहून शहाणं बोललेलं मी कुठे ऐकलं नाही.

मुठीचं काम म्हणजे काय ते बघा. नारळ खवायचा आहे. विळीच्या टोकाशी जी दातेरी चकती असते, ती आमच्या कोकणाची खरी मालकीण. एक पाय पाटावर, करवंटी दोन्ही हातांत, आणि मनगट फिरवत राहायचं. सवय असली तर एक नारळ पाच मिनिटांत होतो. खवताना पाठीचा तपकिरी भाग जवळ आला की हात आपोआप थांबतो आणि खोबरं पांढरंशुभ्र पडतं, एकसारखं मऊ. आता मिक्सरमध्ये करा. आधी करवंटीतून तुकडे उचकटा, पाठ तासा, तुकडे करा, फिरवा. काही बारीक होतं, काही खडे राहतात. त्या खोबऱ्याचं मोदकाचं सारण करून बघा, पारी फाटते की नाही ते सांगा. गणपतीत घरोघर उकडीचे मोदक होतात, म्हणूनच अजून खवणी तग धरून आहे. खवणी टिकली ती कौतुकामुळे टिकलेली नाही. ती काम करते म्हणून टिकली.

विळीचंही तसंच. सुरी हातात धरून भाजीवर चालवावी लागते. विळी पायाखाली घट्ट, पातं स्थिर, दोन्ही हात मोकळे. निसरडा बांगडा साफ करायचा, फणसाच्या कुयरीची चिकट साल काढायची, तर सुरीने जीव जातो. खाली सिंधुदुर्गाकडे हिला आडाळो म्हणतात. नाव काही असो, पातं लोहाराने ठोकलेलं हवं. त्याला धार लावता येते, घरातली एक पिढी सहज निघते.

आणि वरवंटा. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं. ते खोबरं कापतं. भांडं तापतं, वाटण वर उडून कडेला चिकटतं, म्हणून पाणी घालावं लागतं. पाट्यावर खोबरं, मिरची, धणे चिरडले जातात, त्यांचं तेल त्यातच राहतं, पाणी चमचाभर पुरतं. थोड्याच वाटपात आमटी दाट होते ती यामुळे. पाव वाटी चटणी करायची असली तर मिक्सरच्या मोठ्या भांड्यात ती पात्याच्या खालीच बसते. पाट्यावर मात्र दोन लसणाच्या पाकळ्याही वाटता येतात.

हे झालं चवीचं. चव ज्याची त्याची, तिच्यासाठी मी एवढा घसा कोरडा केला नसता. मला बोलायला लावलं ते गेल्या काही वर्षांनी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडाकडे माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. आमच्या वाडीत तेव्हा नऊ दिवस लाईट नव्हती. त्याच सालात २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलं. मी पाणी ओसरल्यावर एका नातेवाइकाकडे चिखल उपसायला गेलो होतो. फ्रीज, मिक्सर, घरघंटी, सगळं चिखलाने भरलेलं, कायमचं मेलेलं. मागच्या पडवीतला पाटा आम्ही पाण्याने धुतला आणि त्या संध्याकाळी त्याच्यावर चटणी वाटली.

आमच्या वाडीतल्या त्या नऊ दिवसांत मी आणखी एक बघितलं. पाटा पुष्कळ घरांत होता, पण वाटता येणारी माणसं म्हाताऱ्याच होत्या. तिशीतल्या सुना आणि त्यांचे नवरे हातात वरवंटा धरून बघत बसले. वस्तू असून उपयोग नाही, हाताला वळण हवं. लायटीचा भरवसा धरून आपण ते वळण सोडून दिलं आणि वादळं तर आता दरवर्षीची झाली. ज्या घरात मेणबत्ती आणि काडेपेटी सांभाळून ठेवतात, त्या घरात एक पाटा, एक खवणी आणि ती चालवणारे निदान दोन हात सांभाळायला काय हरकत आहे?

मला ठाऊक आहे, वाचणारे काय म्हणतील. वेळ कुठे आहे? मुंबईला सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला पाट्यावर बसा म्हणणारा मी कोण? कुणीच नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एका चटणीपुरता पाटा काढा. दहा मिनिटं लागतील. दुसरं म्हणतील, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. बरोबर. मग पाटा ओट्यावर ठेवा आणि उभ्याने वाटा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. खवणीही आता टेबलाला घट्ट बसवायची, दांडा फिरवायची मिळते. जुन्याच रूपाला चिकटून राहायचं कारण नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, जी डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केली, सराई कुकर काढला. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या, शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि वाफेवर घरापुरता भात-डाळ-भाजी शिजते. ना वीज, ना धूर. विजेशिवाय चालणारी वस्तू म्हणजे आजीच्या काळातलीच असली पाहिजे, असं नाही.

धुराचा विषय निघालाच आहे तर ‘चुलीवरचं जेवण’ या पाटीबद्दल बोलतो. ही पाटी आता पावलोपावली आहे. खाणारा बाहेर वाऱ्याला बसतो, आत कोंदट खोपीत एक बाई फुंकणी घेऊन खोकत असते. सरकारने २०१६ मध्ये उज्ज्वला योजना काढली ती बायकांच्या छातीतला धूर कमी व्हावा म्हणून. तोच धूर आपण पैसे देऊन परत आणतो आणि वर त्याला संस्कृती म्हणतो. चूल ठेवायची तर धुराडं काढा, मोकळ्या जागेत मांडा, न्हाणीच्या पाण्याला वापरा. पाहुण्याच्या जिभेसाठी कुणाच्या फुप्फुसाचं सरपण करू नका.

पुजणाऱ्यांना आणखी एक विचारतो. पाट्याला टाकी कोण लावतं आता? वर्षा-दीड वर्षात दगड गुळगुळीत होतो, मग वाटप नुसतं घसरतं. पूर्वी दिवाळीच्या आधी पाथरवट, वडार लोक वाडीवाडीतून ओरडत फिरायचे. छिन्नी-हातोडीने पाऊण तासात पाटा नवा करून द्यायचे, मोबदल्यात पायलीभर भात घ्यायचे. आता त्यांची पोरं दुसऱ्या कामाला गेली, कारण आपण त्यांना बोलावणं सोडलं. रोवळी विणणारा बुरूड, पातं ठोकणारा लोहार, यांचीही तीच गत. रोवळीत तांदूळ धुतले तर पाणी निथळतं आणि कणीही वाया जात नाही, पण आपण प्लास्टिकची चाळण घेतो, ती दोन वर्षांत तडकते आणि वहाळात जाते. हॉटेलच्या दारातल्या जात्याला रंग द्यायला पैसे आहेत, बुरडाने रोवळीचे चार रुपये जास्त सांगितले की मात्र आपण घासाघीस करतो.

शेवटी मुख्य मुद्दा, गड्यामाणसांसाठी. नारळ सोलायला, फोडायला तुम्ही पुढे. कोयता तुमच्या हातात शोभतो. तोच नारळ फुटला की खवायला बायको. का? वरवंटा उचलायला जोर लागतो. जोर कुणाचा जास्त, याच्या बढाया तर आपण कबड्डीच्या मैदानात मारतो. मी आवस गेल्यापासून खवायला बसतो. सुरुवातीला वाडीत हसले. “काय रं, बायलीने विळीवर बसवला काय?” मी म्हटलं, “बसवला न्हवं, बसलोय.” आता हसत नाहीत. माझा नातू सुट्टीत मुंबईहून आला की तोही खवतो, त्याची बहीण नारळ फोडते.

तेव्हा ज्याला पाट्यावरच्या चटणीची एवढी आठवण येते, त्याने ती स्वतः वाटावी. जातं गिरणीला देऊन टाका, त्याचं दुःख करू नका. पाटा मागीलदारून आत आणा, टाकी लावणारा शोधा, त्याला मागेल तेवढे पैसे द्या. नवीन पाटा असला तर आधी चार-पाच वेळा मूठभर तांदूळ वाटून फेकून द्या, खर निघून जाईल. साबण लावू नका, सोडणाने घासा आणि उन्हात उभा करून ठेवा. आणि पहिलं वाटप घरातल्या पुरुषाने करावं. दुसऱ्या दिवशी खांदे दुखले म्हणजे आपल्या आवशीने किती वर्षं काय केलं ते कळेल, आणि मग हॉटेलच्या दारातल्या त्या रंगवलेल्या दगडाचा फोटो काढावासा वाटणार नाही.