इंग्रजी हवीच, पण विज्ञानाचा बळी देऊन नको!



आधी आमची भूमिका स्पष्ट करतो, म्हणजे कुणाला गैरसमज पसरवायला जागा राहणार नाही. आम्हाला इंग्रजी हवी आहे. पहिलीपासून हवी, चांगली हवी आणि शहरातल्या सोसायट्यांच्या आधी वस्ती-तांड्या-पाड्यावरच्या शाळेत हवी. सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी याच भाषेत १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनाची मांडणी करून साऱ्या जगापुढे ठेवली. तेव्हा इंग्रजीचा द्वेष आम्हाला कुणी शिकवू नये.

पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि न येणाऱ्या इंग्रजीतून विज्ञान शिकणे वेगळे. सेमी-इंग्रजीच्या नावाखाली या दोन गोष्टींची जी गल्लत चालली आहे, तिची सर्वात मोठी किंमत आपली मुले मोजत आहेत.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात प्रत्यक्षात काय चालते? शिक्षक पुस्तकातले इंग्रजी वाक्य वाचतात, त्याचा मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून देतात. मुले ती उतरवून घेतात आणि पाठ करतात. परीक्षेत तेच उत्तर, तेच स्पेलिंग. मार्क मिळतात, पालक खूश होतात. पण विज्ञान कुठे गेले?

शेतमजुराच्या पोरीला मोड आलेली मटकी माहीत असते. फडक्यात बांधून, ओल धरून, उबेला ठेवली की मोड येतात हे तिने आईच्या हाताखाली पाहिलेले असते. विज्ञान इथूनच सुरू व्हायला हवे. ओल नसेल तर मोड येतील का? थंडीत उशीर का लागतो? भाजलेल्या दाण्याला मोड का येत नाहीत? ही पोरगी असे दहा प्रश्न विचारू शकते आणि पाच-सहा दिवसांत स्वतः करून उत्तरेही शोधू शकते. पण वर्गात तिच्यासमोर 'जर्मिनेशन' हा शब्द आणि त्याची दोन ओळींची व्याख्या येते. जे तिला येत होते तेच तिला परके होऊन बसते. प्रश्न विचारायला तोंड उघडावे तर भाषा नाही. मग ती गप्प बसते. वर्षभर गप्प बसलेल्या मुलीला आपण 'कच्ची' म्हणतो.

मित्रांनो, यातला खरा धोका ओळखा. अर्थ न कळता पाठ करणे, प्रश्न न विचारणे, गुरुजी सांगतील ते खरे मानणे ही कोणाची शिक्षणपद्धती होती? हजारो वर्षे संस्कृतची घोकंपट्टी ज्ञान म्हणून मिरवली गेली. आज तीच घोकंपट्टी इंग्रजीचा कोट घालून आपल्या वस्तीत आली आहे. तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. संविधानाचे कलम ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानते. ज्या मुलाला 'का?' एवढेही विचारता येत नाही, त्याच्यात हा दृष्टिकोन येणार कुठून?

परिसर अभ्यासाचे आणि संस्कृतीचेही तेच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय घडले, हे परक्या भाषेतल्या पाच पाठ ओळींतून लहान मुलाला कसे कळणार? पाणी का नाकारले, कोणी नाकारले, आपल्या गावची विहीर कोणाची होती, हे घरी आजीला विचारता येण्यासारखे प्रश्न आहेत. वर्गाची भाषा आणि आजीची भाषा यांची ताटातूट झाली की इतिहासाची फक्त तारीख उरते आणि आजी अडाणी ठरते.

आता मराठी अस्मितावाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण पुढचा हिशोब त्यांच्याशी आहे. तुमची पाठ्यपुस्तकी मराठी तरी आमच्या लेकरांची मातृभाषा कुठे होती? मोड येण्याला तुम्ही 'अंकुरण' केले, पाणी आटण्याला 'बाष्पीभवन' केले. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर अख्खे मराठी पुस्तकच परके. स्वतःची मुले महागड्या इंग्रजी शाळांत घालायची आणि आम्हाला मातृभाषेची महती सांगायची, हा ढोंगीपणा आमचा समाज चांगला ओळखतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकारने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर मातृभाषेचा वापर काळ्या मुलांना दुय्यम शिक्षणात कोंडण्यासाठी केला आणि पुढे त्यांच्यावर आफ्रिकान्स लादली. त्याविरुद्ध १६ जून १९७६ ला सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि त्यांनी गोळ्या झेलल्या. भाषा कोणतीही असो, ती कोण लादतो आणि कशासाठी लादतो हे आधी पाहावे लागते. आमचे पालक 'मातृभाषा' शब्द ऐकून सावध होतात, ते उगाच नाही.

तरीही त्या ढोंगीपणावर राग काढण्यासाठी आपल्याच मुलांचे नुकसान करून घेणे हा उपाय नव्हे. मलेशियाने २००३ पासून विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. २००९ मध्ये तिथल्या सरकारनेच ते धोरण मागे घ्यायचे ठरवले. शहरी आणि ग्रामीण मुलांमधली दरी वाढली, हे त्यामागचे एक कारण होते. ज्याच्या घरी इंग्रजी आहे तो तरतो, ज्याच्या घरी नाही तो बुडतो. आपल्याकडे कोणाच्या घरी इंग्रजी आहे, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण मराठीत झाले. इंग्रजीचा पाया सुभेदार रामजींनी घरी भाषांतरे करवून, शब्द घोटून पक्का करून घेतला. आजच्या मजूर बापाला ते शक्य नसेल, तर ती जबाबदारी सरकारी शाळेची आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळेत पहिलीपासून इंग्रजी बोलता येणारा, बोलायला शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक द्या.

२. पाचवीपर्यंत विज्ञान आणि परिसर मुलाच्या बोलीतून, हाताने करून शिकवा. बोलीतला, पुस्तकातला आणि इंग्रजी असे तिन्ही शब्द शेजारी शेजारी द्या.

३. सहावीपासून टप्प्याटप्प्याने विज्ञान इंग्रजीत न्या, म्हणजे दहावीनंतर आपले मूल मागे पडणार नाही.

४. शिक्षकांची रिकामी पदे भरल्याशिवाय सेमी-इंग्रजीची पाटी लावू नका.

आणि कार्यकर्त्यांनो, सरकारची वाट पाहत बसू नका. विहारात संध्याकाळचे वर्ग घ्या. एक दिवस इंग्रजी बोलण्याचा ठेवा, एक दिवस मटकी, माठ आणि भिंग घेऊन प्रश्न विचारण्याचा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसवा आणि त्यांना एवढेच विचारायला शिकवा: "गुरुजी, माझ्या पोरीने या महिन्यात वर्गात किती प्रश्न विचारले?"

शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. पाठ करा, असे नाही.

जयभीम!