उजव्या खुर्चीचे कर्तव्य

सांबऱ्याच्या विमानतळावर विमान उतरताना पाहिले की आपल्यापैकी पुष्कळांना वैमानिक व्हावेसे वाटते. शुभ्र सदरा, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या, देशोदेशीची भ्रमंती आणि भरघोस पगार! पण या पेशातले सर्वांत अवघड कर्तव्य या झगमगाटात दिसत नाही.

प्रवासी विमानात डाव्या खुर्चीत कप्तान बसतो, उजव्या खुर्चीत सहवैमानिक. एक जण विमान चालवतो. दुसरा वेग, उंची व यंत्रे यांवर नजर ठेवतो आणि नियंत्रण मनोऱ्याशी बोलतो. अंतिम निर्णय कप्तानाचा. मग दुसरा कशासाठी? पहिला आजारी पडला तर म्हणून? तेवढ्यासाठीच नव्हे. पहिला चुकत असेल तर तसे स्पष्ट सांगण्यासाठी.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. के.एल.एम.च्या ज्येष्ठ कप्तानाने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान धावपट्टीवर दौडवले. समोरचे विमान अजून हटले नाही काय, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली. पुन्हा कोणी बोलले नाही. दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. त्यानंतरच्या काही वर्षांत, कनिष्ठाने कसे बोलावे व ज्येष्ठाने कसे ऐकावे, याचे शिक्षण वैमानिकांना मिळू लागले.

तरीही २२ मे २०१० रोजी आपल्याच राज्यात, मंगळुरास, तेच घडले. दुबईहून आलेले विमान प्रमाणाबाहेर उंचावरून उतरत होते. कप्तान प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. उतरणे रद्द करा, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. परंतु नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले आणि टोकापलीकडच्या दरीत कोसळले. १५८ जण गेले, ८ वाचले.

अशाने शिस्त मोडेल, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. शंका बोलून दाखवणे म्हणजे अवज्ञा नव्हे. आज्ञा कप्तानाचीच राहते. फक्त ती डोळे उघडे ठेवून दिली जाते.

विद्यार्थिमित्रांनो, हे धैर्य विमानात बसल्यावर अचानक येत नाही. फळ्यावरचे गणित चुकले तरी आपण मुकाट्याने वहीत उतरवून घेतो. ‘सर, येथे चूक झाली असे वाटते,’ एवढे म्हणणाऱ्याला आपण उद्धट ठरवतो. उजव्या खुर्चीतला माणूस असाच वर्गातून घडून आलेला असतो. गुरुजनांनाही नम्र विनंती: प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवू नका. उद्या कदाचित त्याच्याच आवाजावर दीडशे जिवांचा भरवसा असेल.