सरकारातल्या सरकारात अबोला

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

याआधीची दोन पत्रं ज्यांना लिहिली त्यांची नावं इथे घेत नाही. उत्तर सोडा, पोचही आली नाही. प्रत्येक विभाग शेजारच्या विभागाकडे बोट दाखवतो आणि सगळ्या विभागांच्या फाइली शेवटी आपल्या दालनात येतात, म्हणून या वेळी पत्ता बदलला.

मी परतवाड्यात सेवा केंद्र चालवतो. एक संगणक, दोन प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेली माणसं. मी खाली जे मागतोय ते आपण दिलं तर माझाच धंदा निम्म्यावर येईल, हे वाचताना ध्यानात असू द्या.

2025 च्या खरिपात एका कास्तकाराचे कागद मी मुद्दाम वेगळे ठेवले. चार एकर वावर, दोनात संत्रा, दोनात कपाशी. आधी फार्मर आयडी काढला. कृषी योजनांसाठी तो 15 एप्रिल 2025 पासून सक्तीचा. माणूस, आधार, गट नंबर, क्षेत्र, सगळं एका क्रमांकात आलं. म्हटलं, सुटलो. मग पीक विमा आला: आधार, सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र. मग ई-पीक पाहणी, भर पावसात वावरात उभं राहून फोटो. मग ठिबकसाठी महाडीबीटी: पुन्हा आधार, पुन्हा बँक, अर्जाचे 23 रुपये 60 पैसे. मग पीएम किसानची ई-केवायसी, पुन्हा अंगठा. शेवटी कापूस निघायच्या वेळेला, हमीभावाने विकायचा तर, सीसीआयचं कपास किसान अ‍ॅप: आधार, सातबारा आणि त्यावर कपाशीची नोंद. आयडी धरून आधार पाचदा दिलं. डिजिटल सहीचा सातबारा तीनदा काढला, दर खेपेला 15 रुपये, कारण आधीच्यावर पिकाची नोंद चढलेली नव्हती. ओटीपी मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. अन् एवढं करून कपास किसानवर त्याचं नाव अडकलं, कारण आधारवर नावापुढे ‘राव’ आहे आणि सातबाऱ्यावर नाही. त्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल जाहीर होता, तो या दोन अक्षरांच्या पलीकडे.

तो कास्तकार मला म्हणाला, “सरकारातल्या सरकारात अबोला हाय का गा? एकाले सांगतलं तं दुसऱ्याले मालूम नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असेल.

माझ्या केंद्राच्या बाहेर चहाचा गाडा आहे. गाड्यावर एकच क्यूआर कोड चिकटवलाय. गिऱ्हाईक फोनपेवरून पैसे टाको, गूगल पेवरून टाको की पेटीएमवरून, चहावाल्याच्या खात्यात दहा रुपये तिथल्या तिथे येतात. या कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत, पण 2016 मध्ये एनपीसीआयने यूपीआय आणलं आणि त्यांना एका रस्त्यावरून चालायला लावलं. वरून छोट्या दुकानदारांच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्राने 2024-25 या एका वर्षाला 1,500 कोटींचं प्रोत्साहन मंजूर केलं. म्हणजे वैऱ्यांना बोलतं ठेवायला सरकारी तिजोरीत पैसे आहेत. आपल्याच कृषी आणि महसूल विभागांना बोलतं करायला किती लागतील, तो आकडा एकदा कळवावा. आम्ही वर्गणी काढू.

विम्याचंच घ्या. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला. राज्यातून सुमारे 1 कोटी 70 लाख अर्ज गेले. शेतकऱ्याचा रुपया आणि अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये. सगळे अर्ज केंद्रांतूनच गेले असं धरलं तर एका हंगामात नुसत्या टंकलेखनाचे 68 कोटी. पीक आहे की नाही याला दाम नव्हता, अर्जाला होता. मग अर्जांचंच पीक आलं. देवस्थानांच्या आणि सरकारी जमिनींवरही विमा उतरवला गेला. आमच्यातल्या काहींनी हात धुऊन घेतले, हे मी लपवत नाही. पण ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू होती. अर्ज घेतानाच तिच्याशी ताडून पाहिला असता तर चोर उंबऱ्यातच सापडला असता. 2025 मध्ये एक रुपयाची योजना बंद केली, शेतकऱ्याचा हिस्सा परत खरिपाला 2 टक्के आणि नगदी पिकाला 5 टक्के झाला. दंड भरला तो खऱ्या कास्तकाराने.

ठिबकचा प्रकार तर विनोदीच. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून 55 आणि राज्याच्या योजनेतून वरचे 25, मिळून 80 टक्के अनुदान. त्याची खिडकी महाडीबीटी. त्याच ठिबकसाठी पोकरा प्रकल्पाची वेगळी खिडकी, वेगळं पोर्टल. गाव पोकरात असलं की इकडे, नसलं की तिकडे. बांधाला बांध लागून असलेले दोन भाऊ दोन पोर्टलांवर आहेत. जुन्या माणसांना यात शकुंतला आगगाडी आठवते. अचलपूरहून ती नॅरोगेजवरून निघायची आणि मुर्तिजापुरात रूळ बदलायचे म्हणून कापसाच्या गाठी उतरवून पुन्हा चढवाव्या लागायच्या. ती गाडी बंद पडली. उतरवणं-चढवणं आता माझ्या टेबलावर चालतं.

आणि आता महाडीबीटीवर सोडत जाऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आलं. कागदावर किती न्यायाचं! सेमाडोहकडचा कोरकू माणूस रेंज नाही म्हणून घाट उतरून परतवाड्याला येतो. तो एसटीतून उतरेपर्यंत फायबरवाल्या गावाने रांग लावलेली असते. तो बसला की साइट फिरत राहते, बारा वाजता लिंक जाते, चारला शेवटची गाडी. त्याच रस्त्यावरचं हरिसाल 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं होतं. 2019 च्या प्रचारसभांत त्याचा फोलपणा दाखवणारा व्हिडिओ ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणून राज्यभर लावलाही गेला. आठवत असेल.

नवीन अ‍ॅप नको. फार्मर आयडी टाकला की सातबारा, पीक पाहणी, विमा, ठिबक, खरेदी सगळीकडे तीच माहिती आपोआप यावी. नावात काना-मात्रेचा फरक असला तर तो एकदाच, एकाच ठिकाणी दुरुस्त व्हावा, आणि ते ठिकाण तालुक्यात असावं. मेळघाटातल्या अर्जदाराची तारीख तो रांगेत बसला त्या दिवसाची धरावी. कपास किसान केंद्राचं आहे, आमचं नाही, हे उत्तर पाठवू नये; ते पाठ आहे.

2025 मध्ये ‘आपले सरकार’ पोर्टलवरच्या सेवांचं शुल्क 20 चं 50 रुपये झालं. त्यातला मोठा वाटा आम्हा केंद्रचालकांचा. तक्रार करायला मला खरं तर कारणच नाही.

आपला,
परतवाड्यातील एक केंद्रचालक

ता. क. या पत्राला सातबारा जोडलेला नाही. तो आपल्याकडेच आहे.