मागे बसणाऱ्याचा जीव

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांपैकी ५०,०२९ जण दगावले, आणि त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसलेले होते. वेग किती ठेवायचा, कोणाला ओलांडून पुढे जायचे, ब्रेक केव्हा दाबायचा, यांपैकी एकही निर्णय त्यांच्या हाती नव्हता. अहवाल बहुतेक अपघातांचे खापर अतिवेगावर फोडतो. पण ज्या वाहनावर ही दुचाकी जाऊन आदळते, ते वाहन त्या रस्त्यावर त्या अवस्थेत कोणी आणले, हा प्रश्न तो विचारीत नाही.

पश्चिम उत्तर प्रदेश, कोल्हापूर-सांगली, बेळगाव या उसाच्या पट्ट्यांत गळीत हंगाम सुरू झाला की हा प्रश्न दर रात्री रस्त्यावर उभा असतो. ट्रॅक्टर हे शेतातले यंत्र. त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, उसाचा डोंगर रचून ते राज्य मार्गावर येते. ऊस मागे आणि बाजूंना बाहेर आलेला. मागचा दिवा असलाच तर उसाखाली झाकलेला. रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. उत्तरेत त्यावर धुक्याची भर. मोटारसायकलच्या दिव्याच्या झोतात ट्रॉली येते तेव्हा अंतर उरलेले नसते. ट्रॉलीचे फाळके स्वाराच्या छाती-डोक्याच्या उंचीला असते आणि मोटारसायकल सरळ त्याच्याखाली शिरते.

चालकाला निदान शेवटचा क्षण मिळतो. हात हँडलवर असतात, तो गाडी वळवू पाहतो. मागच्याला दिसते ती फक्त चालकाची पाठ. शरीर सावरण्यापूर्वीच तो उडून डांबरावर किंवा पाठीमागून येणाऱ्या वाहनापुढे पडतो. स्त्री असेल तर ती बहुधा एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने चालकाचा खांदा धरून बसलेली असते. मागच्याला धरण्यासाठी मूठ, पाय ठेवण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आच्छादन असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सांगतो. तेवढ्याने एका बाजूला बसलेल्या देहाचा तोल राहत नाही. खुद्द राजधानीत स्त्रियांना हेल्मेटमधून दिलेली सरसकट सूट २०१४ पर्यंत चालू होती. जणू कवटीचे हाड लिंग पाहून मोडते!

ट्रॅक्टरच्या मालकाला दंड करून हा प्रश्न सुटेल असे मानणारे उसाची वाहतूक कशी चालते ते जाणत नाहीत. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. मालक अनेकदा कर्जाचे हप्ते फेडणारा शेतकरी असतो, चालक रोजंदारीचा असतो. कारखान्याच्या आवारात तासन्‌तास रांगेत अडकल्यावर पुढची खेप रात्रीच करावी लागते. त्यात प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते. उसाचे वजन किलोपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थापनाला ट्रॉली क्षमतेपेक्षा किती जास्त भरली आहे हे ठाऊक नसते, असे कोणी समजू नये. मागचा दिवा मात्र कोणी मोजत नाही, कारण त्यातून साखर निघत नाही.

खाणपट्ट्यांत तीच गोष्ट अधिक अवजड रूपात आढळते. बांधकाम-यंत्रांची व्याख्या करताना नियम म्हणतात की, अशा वाहनाचे रस्त्यावरील धावणे केवळ आनुषंगिक, अल्प काळाचे आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतील असावे. कायद्याचे कलम २(२८) कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला ‘मोटार वाहन’ मानीतच नाही. या व्याख्येवर वर्षानुवर्षे खल झाला, पण तो बव्हंशी करापुरता. खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या डंपरवर कर लागत नाही, असा निर्णय १९७४ साली बोलानी ओअर्सच्या खटल्यात झाला. १९९२ साली दुसऱ्या प्रकरणात मात्र डंपर ही रस्त्यावर चालण्याजोगी, म्हणून करपात्र वाहने ठरली. चंद्रपूर, वणी, झरिया, सिंगरौली येथे सोबत्याच्या मागे बसून पाळीवर जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला या वादातून काय मिळाले?

भरपाईच्या दारातही मागचा माणूस मागेच. दुचाकीचा विमा केवळ कायद्यापुरता असेल तर फुकट बसलेल्या सहप्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले. ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडे जावे तर ती म्हणते, विमा शेतीकामाचा होता, भाड्याच्या वाहतुकीचा नव्हता. शिवाय ट्रॉलीचा विमा वेगळा उतरविलेला नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये. मांडीचे हाड मोडलेल्या शेतमजूर स्त्रीचा पुढचा हंगामही बुडतो, हे या रकमेच्या हिशेबात कोठे बसते? २०२५ च्या योजनेने सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार देऊ केले आहेत. ते स्वागतार्ह आहे; परंतु मोडलेले पाय सात दिवसांत चालू लागत नाहीत.

आणि ही माणसे एका दुचाकीवर तिघे-तिघे का बसतात? ज्या गावाला रात्री परतीची बस नाही, तेथे मोटारसायकल ही चैन नसून बसची जागा आहे. नियमभंगाची पावती फाडणाऱ्याने बसचे वेळापत्रकही पाहावे.

शेतकरी, वाहतूक कामगार आणि ऊसतोड मजूर यांच्या संघटनांनी कारखान्यांकडे एक साधी गोष्ट एकत्रितपणे मागावी: चालू दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर असल्याखेरीज कोणतीही ट्रॉली गेटबाहेर पडणार नाही, ते बसविण्याचा खर्च कारखाना देईल, मालकाच्या बिलातून कापणार नाही, आणि एका ट्रॅक्टरमागे किती भार ओढायचा हे काट्यावरच ठरेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काटा तेथे आहेच, आणि ट्रॉली त्यावर थांबतेच.