डॉ. भाभा आणि होतकरू तरुण

तारापूरच्या अणुवीज केंद्राविषयीं आमच्या पालघर-बोईसर भागांत दोन तऱ्हेचे बोल ऐकूं येतात. अक्करपट्टी व पोफरण येथील ज्या लोकांचें घरदार गेलें, त्यांचें दुःख खरें आहे आणि कोणाच्याहि स्तुतीनें तें भरून निघणारें नाहीं. तथापि त्या केंद्राचे मूळ योजक डॉ. होमी भाभा यांचा एक गुण शेतकरीवर्गानें अवश्य घ्यावा. तो गुण म्हणजे माणसें वाढविण्याचा.

१९४४ सालींच त्यांनीं टाटा विश्वस्तांस लिहिलें होतें कीं, पुढें अणुशक्तीचा उपयोग करूं तेव्हां तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये. १९५७ सालीं तुर्भे येथें शिक्षणशाळा निघाली. जागा रिकामी झाली म्हणून माणूस भरावयाचा, ही त्यांची रीत नव्हती. योग्य माणूस हेरून त्याच्याभोंवतीं काम उभारावयाचें, अशी होती. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप अमेरिकेंत होते. त्यांस भाभांनीं तारेनें बोलावणें धाडलें. १९६३ सालीं ते आले, आणि पुढें जुन्नर तालुक्यांत खोडद येथें महादुर्बिणी उभ्या राहिल्या. १९६६ च्या जानेवारींत विमान-अपघातांत भाभा गेले, तेव्हां टाटा संशोधन संस्थेची धुरा अवघ्या सदतीस वर्षांच्या मेनन यांनीं उचलली. वडाखालीं रोप वाढत नाहीं म्हणतात. येथें तें वाढलें होतें.

तुर्भ्यास भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून नवे वाण निवडण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें. टीएजी २४ हा वाण प्रसृत व्हावयास १९९१ साल उजाडलें. एवढा धीर कोणी धरूं दिला नसता, तर तें बीं आम्हांस मिळतें ना.

आमची हयात दप्तरांत गेली. कनिष्ठानें टिपण लिहावें, वरिष्ठानें सही ठोकून नांव घ्यावें, हा प्रकार आम्हीं पुष्कळ पाहिला. तोच आपल्या संघांत शिरूं नये. आमची सूचना अशी: कृषिपदवी घेतलेल्या गांवच्या एका मुलास वा मुलीस संघानें खाडीकांठची पांच गुंठे खारजमीन तीन हंगामांकरितां द्यावी. भाताचा कोणता वाण लावावा हें त्यानें वा तिनें ठरवावें, फलकावर नांवहि त्याचें वा तिचेंच असावें आणि नुकसान आलें तर संघानें सोसावें. एक हंगाम वायां गेला तर काय, असें कांहीं सभासद विचारतील. त्यांनीं मागील सभेच्या चहापाण्याचा खर्च एकवार पाहावा.